मोठ्या मापाचा एकच पीस

मी कपड्याच्या दुकानात शिरले की तिथल्या पोरी माझ्या तोंडाकडं बघत नाहीत, दंडाकडं बघतात. मग ठरलेलं वाक्य येतं. "ताई, तुमच्या मापात न्हाई येत. ओढणी दाखवू का?" पंचवीस वर्षं झाली हे ऐकतेय. ओढणीला माप नसतं ना! माझ्या कपाटात एक खण नुसता ओढण्यांचा आहे आणि त्यांच्याखाली घालायला ड्रेस एकही नाही.

मी बोरीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अंग मोठं, आवाज मोठा आणि राग तर विचारूच नका. साडी नेसते, ब्लाऊज शिवून घेते. शिवणाऱ्या बाईला माझं माप तोंडपाठ आहे, तरी दर वेळी टेप लावून "मॅडम, अर्धा इंच वाढलाव" हे सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नाही. माझ्या साखरपुड्यात सासरकडून साडीवर शिवलेला ब्लाऊज आला होता. तो कोपराच्या वर सरकेना. आत्या, मावश्या सगळ्या मिळून ओढायला लागल्या आणि शिवण फाटल्याचा आवाज पार बैठकीपर्यंत गेला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी पण हसले. फोटोत मी दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसलेली आहे, थंडी वाजल्यासारखी. मे महिना होता.

सांगायचं कारण काय, तर मला एकदाच, आयुष्यात एकदाच, हँगरवरून कपडा काढायचा होता, अंगात घालायचा होता आणि चालायला लागायचं होतं. टेप नको, शिवणारी नको, "ढिलं करून देते" नको.

मुलगी पुण्याला शिकायला आहे. तिनं एका रविवारी फोनवर फोटो पाठवला. मुंबईच्या कुठल्याशा मोठ्या डिझायनरनं एका कपड्यांच्या साखळी दुकानासाठी थोडेच कपडे काढले होते. संपले की संपले, परत निघणार नाहीत. फोटोत एक लांब कोट होता, गुडघ्याच्या खाली जाणारा. बाटलीसारखा गडद हिरवा, वर करडईच्या फुलांच्या रंगाची बारीक नक्षी, आणि दोन्ही बाजूंना हे एवढाले खिसे. घालणारी बाई माझ्यासारखी होती. खरंच सांगते, माझ्यासारखी! दंड भरलेले, पोट आहे तसं, आणि हात खिशात घालून अशी उभी की सगळं गाव तिच्याच बापाचं.

"आई, परभणीच्या दुकानात पण येणार आहे," मुलगी म्हणाली. "शनिवारी. पण प्रत्येक दुकानात एका मापाचा एकच पीस. थ्री एक्सचा एकच. माझ्या पदवीदानाला तू हाच घालून यायचंस."

"येडी का गं तू? कोट घालून येऊ? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, कोट कुठून घेतला?"

मी फोन ठेवला आणि त्या दिवसात तो फोटो किती वेळा उघडला ते देवाला माहीत. मिस्टर म्हणाले, "शाळेचं काही आलंय का? सारखं फोनमध्ये डोकं घालून बसायलाव." मी म्हटलं, "हो, शाळेचंच."

शनिवारी रजा टाकली. दुकान साडेदहाला उघडणार होतं, मी साडेआठला परभणीत उतरले. वाटलं, आपणच पहिल्या. कसलं काय! शटर बंद, पायऱ्यांवर माणूस नाही, पण चपला हजर. एकामागं एक, नाक शटरकडं करून, शिस्तीत सहा जोड.

आमच्याकडं ही रीतच आहे. रेशनचं दुकान असो, गॅसची गाडी असो, डॉक्टरचा नंबर असो, चप्पल ठेवायची आणि आपल्या कामाला जायचं. चप्पल म्हणजे माणूस. तिला कोणी ढकलत नाही, तिच्या पुढं कोणी घुसत नाही. जाणती बाई पिशवीत एक जुना जोड घेऊनच निघते, म्हणजे अनवाणी फिरायला नको. मी जाणतीच आहे. पिशवीतून जुना जोड काढला आणि सातव्या जागी ठेवायला वाकले.

आणि वाकले ती तशीच राहिले. माझ्या पुढची, सहावी चप्पल. तपकिरी रेक्झिनची, बायकी, अंगठा तुटलेला आणि खताच्या पोत्याच्या निळ्या दोऱ्यानं शिवलेला. माझी चप्पल तिच्या मागं टेकवली तर दोन्हींची लांबी एक. रुंदीही एक. एवढ्या मोठ्या मापाची बायकांची चप्पल सहजासहजी मिळत नाही, मला विचारा. माझ्या मापाची एक बाई माझ्या एक नंबर पुढं होती, आणि थ्री एक्सचा पीस एकच.

समोरच्या हॉटेलात जाऊन बसले. पोहे आणि चहा मागवला. मनाला समजावलं, अगं, पाय मोठा म्हणजे अंग मोठं असंच थोडी असतं? उंच आणि वाळकी बाई असंल. तिला कोट कशाला पाहिजे? पोरीसाठी टॉप घ्यायला आली असंल. असं करत करत चहाही संपला आणि मी स्वतःला इतकं पटवलं की उठताना गुणगुणत होते.

सव्वादहाला परत आले तर दुकानासमोर हीऽऽ गर्दी. कॉलेजच्या पोरी, दोन-तीन सुना, एक नवरा-बायको, आणि मधोमध दुकानाचा नवा गार्ड, हात जोडून उभा. तो परमुलखातला, त्याला इथली रीत काय ठाऊक! गादीवर बसून साडी दाखवणाऱ्या दुकानात बायका बाहेर चपला काढून आत जातात, हे त्यानं शेजारी बघितलं होतं. म्हणून आपल्याही दुकानात लोक देवळासारख्या चपला बाहेर काढून ठेवतायत असं त्याला वाटलं. त्यानं सगळ्या चपला उचलून जनरेटरच्या बाजूला ढीग करून ठेवल्या आणि वर प्रेमानं सांगायला लागला, "मॅडमजी, इधर चप्पल उतारने का नहीं है. पहन के अंदर जाओ, आराम से."

जो गोंधळ उडाला! "माझी तिसरी होती!" "तुझी कुठली तिसरी, तिसरी माझी!" "ओ दादा, तुमाला कोणी सांगितलं हात लावायला?" एक पोरगी तर रडायलाच लागली. गार्ड बिचारा एकेक चप्पल उचलून "ये किसका है?" विचारत होता, त्यानं भांडण आणखीच पेटलं.

मग मी माझा शाळेचा आवाज काढला. "गप बसा सगळे!"

चिडीचूप. गार्डनं पण हातातली चप्पल खाली ठेवली.

"असं भांडून दुकान उघडायचं न्हाई. तोंडानं सांगा, कोण कोणाच्या मागं होतं. खोटं बोलायचं न्हाई. एक नंबर कोण?"

एक हात वर आला. दोन, तीन, चार लागले. पाचव्याला जरा हुज्जत झाली, पण पांढऱ्या सँडलवाली होती हे तिघींनी सांगितलं. मी एकेकीला धरून ओळीत उभं करत होते. लय मजा यायली होती, खोटं कशाला बोलू! पोरी मला मॅडम मॅडम म्हणत होत्या. मला ना परभणी ओळखत होती, ना मी परभणीला, पण दहा मिनिटांत मी तिथली हेडमास्तर झाले होते.

"सहावा नंबर कोण?"

कोणी बोलेना. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. निळ्या दोऱ्याच्या चपलेची मालकीण आलेलीच नव्हती.

"सहावा नंबर?" परत विचारलं. आणि मग माझ्याच तोंडातून निघालं, "सहावी मीच." आणि मी पाचवीच्या मागं जाऊन उभी राहिले.

शटर वर जायला लागलं तेव्हा ती आली. धापा टाकत, एका हातात निऱ्या, दुसऱ्या हातात पिशवी. आणि ती वाळकी नव्हती हो. ती मीच होते! तेच दंड, तेच पोट, तीच चालताना एका बाजूला झुकायची सवय. ढिगातून तिनं आपली चप्पल बरोबर काढली आणि वर धरली. "माझी सहावी होती. सातलाच ठेवून गेले मी. चुडाव्याहून आले पहिल्या गाडीनं. बहिणीकडं जरा टेकले तर डोळा लागला."

"आता काय, सगळ्याच सहाव्या होतील!" मागून एक पोरगी म्हणाली. "मॅडमला विचारा. मॅडमनं लाईन लावली."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. ती पण. तिच्या डोळ्यात इतका भरवसा होता, जसा काही निकाल तिच्याच बाजूनं लागणार.

"मला न्हाई माहीत," मी म्हटलं. "मी आले तवा चपला मोजल्या न्हाईत."

माझ्या वर्गात एवढ्यासाठी पोरगं कान धरून उभं राहतं. तिनं चप्पल पिशवीत टाकली आणि गर्दीच्या शेवटी जाऊन थांबली. गार्डनं पहिल्या दहा जणींना आत सोडलं आणि काचेचं दार लावून घेतलं.

आत गेले आणि बाहेरचं सगळं विसरले. एसीचा गार वारा, ढोलासारखं वाजणारं गाणं, आणि समोर तो एकच स्टँड, वर दिवे सोडलेले. पोरी अशा तुटून पडल्या की हँगरचा नुसता खणखणाट. एक म्हणतेय "एम दे, एम दे!", दुसरी दोन टॉप दातात धरून तिसरा ओढतेय. मी पण शिरले. अंग मोठं असण्याचा त्या दिवशी प्रथमच फायदा झाला. दोन्ही बाजूंनी कोपर मारले आणि स्टँडच्या टोकाला पोचले. हिरवा. एक हिरवा स्मॉल, एक हिरवा एल, आणि पार मागं, भिंतीला टेकलेला, भरदार, जड, माझा! चिठ्ठी बघितली. तीन एक्स आणि एक एल. मी तो छातीशी धरला आणि ट्रायल रूमकडं पळाले. पळाले म्हणजे पळालेच. शेवटची कधी पळाले होते आठवत नाही.

दार नव्हतं, जाड पडदा होता. साडीवरूनच कोट चढवला. आधी उजवा हात. डोळे मिटून घेतले, कारण कोपरापाशी काय होतं मला माहीत होतं. काही झालं नाही. हात आत गेला आणि दुसऱ्या टोकाला आरामात बाहेर आला. डावा पण गेला. बटणं लावली, खालपासून वर, एकेक. पोटावरचं बटण लागलं. छातीवरचं लागलं. वर श्वास घ्यायला जागा उरली! मी खिशात हात घातले आणि आरशासमोर उभी राहिले. आरसा अरुंद होता, मी त्यात निम्मी मावत होते. आधी डावी बाजू बघितली, मग सरकून उजवी बघितली. हसू काही आवरेना. एकटीच, येड्यासारखी, खिशात हात घालून हसत होते.

तेवढ्यात गार्डनं बाहेरच्या बाकीच्यांनाही आत सोडलं असावं, कारण पडद्याच्या बाहेर ओळखीचा आवाज आला.

"ते हिरवं हाय का, मोठ्या मापाचं? फोटोतलं?" चुडाव्याची बाई.

"मॅडम, तुमच्या मापात नाहीये आता," दुकानातली पोरगी म्हणाली. गोड आवाजात, शिकवल्यासारखं. "एकच पीस होता. तुम्हाला स्टोल दाखवू का?"

काय सांगू. कोणीतरी माझ्या कानफटात मारल्यासारखं झालं. पंचवीस वर्षं हे वाक्य मी ऐकत होते. आज ते दुसरीला ऐकवलं जात होतं आणि ते ऐकवणारी ती दुकानातली पोरगी नव्हती, मी होते.

"राहू द्या," बाई म्हणाली. "स्टोल लय हाईत माझ्याकडं."

मी पडदा सारला. मन मोठं वगैरे काही नव्हतं, उगीच कौतुक नको. मला राग आला होता. तिचा, गार्डचा, पुण्यात झोपलेल्या पोरीचा, आणि सगळ्यात जास्त माझा. कोट अंगात तसाच, मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि भांडल्यासारखंच बोलले, "सहावी चप्पल तुमचीच होती. निळ्या दोऱ्यानं शिवलेली. माझी सातवी. मी बघितली होती."

तिनं कोटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मग तवाच का न्हाई बोललाव?"

"मला पाहिजे होता म्हणून."

मला वाटलं आता शिव्या घालते. मी असते तर घातल्या असत्या. पण ती म्हणाली, "मलाबी पाहिजे होता."

"कुठं जायचंय का? लग्न-बिग्न?"

"कुठंच न्हाई. अंगणवाडीत असते मी. पाहिजे म्हणून पाहिजे." मग खिशांकडं बोट केलं. "आन् हे खिसे. दिवसभर किल्ल्या कमरेला टोचतात."

मी बटणं काढायला लागले. बोटं काही लवकर चालेनात. तिनं कोट घेतला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, साडीवरून चढवला. मी तिचं तोंड बघत होते. उजवा हात घालताना तिनंही डोळे मिटून घेतले.

गेला. दोन्ही हात गेले, बटणं लागली. ती आरशासमोर उभी राहिली, डावीकडं सरकली, उजवीकडं सरकली, मान वळवून वळवून बेजार झाली. "ताई, पाठ दिसंना की ओ! मागून कसं दिसायलंय?"

"चांगलं दिसायलंय."

"असं न्हाई. मला बघायचंय." मग तिच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, तिनं कोट काढला आणि माझ्यापुढं धरला. "तुमी घाला. आपलं माप एकच हाय. तुमी चाला, मी बघते."

मी घातला. खिशात हात घातले आणि समोर जीन्स टांगलेल्या भिंतीपर्यंत चालत गेले, तिथून वळले, परत आले. ती तोंडावर हात ठेवून बघत होती. "आगं माय! अशी दिसते मी?"

"आता मला बघू द्या," मी म्हटलं. मला पण घाई झाली होती.

ती घालून चालायला लागली. जीन्सच्या भिंतीकडं, आमच्या त्याच झुकत्या चालीनं. मी मागं उभी. एवढी वर्षं मी मला तुकड्या-तुकड्यानं बघितलं होतं, अरुंद आरशात, दंड वेगळा, पोट वेगळं, फोटोत पदराखाली. अख्खी, मागून, चालताना, कधीच नाही. खांद्यावरून कोट सरळ खाली पडत होता, पावलागणिक घोळ हलत होता, आणि ती दोन्ही हात खिशात घालून अशी चालली होती की गर्दीतल्या पोरी बाजूला होऊन वाट देत होत्या. एक पोरगी हातातला टॉप विसरून बघत राहिली. माझ्या डोळ्यात पाणी आलं, आणि खरं सांगते, ते कोट गेल्याचं नव्हतं.

ती परत आली. एक क्षण मला वाटलं, आता म्हणंल, ताई, तुमीच ठेवा. मी तर "नको नको" म्हणायची तयारी पण करून ठेवली होती, एकदाच म्हणणार होते. पण ती बाई माझ्यासारखीच होती. तिनं कोट काढलासुद्धा नाही. चिठ्ठी तोडून हातात धरली आणि घातलेल्या कोटासकट काउंटरवर गेली. काचेच्या दारातून बाहेर पडताना मागं वळून हात केला, लगेच परत खिशात घातला आणि स्टेशनच्या बाजूला चालायला लागली.

दुकानातली पोरगी माझ्याजवळ आली. तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "स्टोलचं नाव काढलंस तर बघ."

बाहेर ढिगाच्या जागी माझी जुनी चप्पल एकटी पडली होती. ती पिशवीत टाकली आणि फोन वाजला. मुलगी. एवढा वेळ तिलाही दम निघत नव्हता.

"आई! मिळाला?"

"न्हाई गं. सातवा नंबर होता माझा. सहावीनं नेला."

"अरेरे! किती वाईट झालं. मग आता तू काय घालून येणार?"

"साडी. पण खिसा लावलेली. शिवणाऱ्या बाईला सांगते, परकराला मोठ्ठा खिसा लाव."

ती हसली. मग म्हणाली, "तुला वाईट वाटत असेल ना?"

"वाटायलंय की. लय वाटायलंय," मी म्हटलं. "पण पोरी, मी बघितलं गं. मागून, चालताना, अख्खं बघितलं. लय सुंदर दिसते मी."